साखरवाले उंदीर

लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता हो?" नोकरीत होते तोवर माझं उत्तर ठरलेलं होतं. "अमरावतीला कॉलेजात आहे." बहुतेकींचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. एखादी चिवट निघाली तर मी म्हणायचे, "जनावरांची डॉक्टर आहे." मग तिच्या माहेरची आटलेली गाय आणि दिराचा लंगडा बैल यांची विचारपूस सुरू व्हायची. गायीबैलांचं मी अकोल्याला रीतसर शिकले होते, त्यामुळे चार गोष्टी सांगून वेळ निभायची. पण मी ज्यांची डॉक्टर होते ते माझ्या दोन तळहातांत मावायचे. "उंदरांची" हे खरं उत्तर मी फार थोड्या जणांना दिलं. ऐकणारा आधी हसायचा आणि मग जरा सरकून बसायचा.

आता निवृत्त झाले. अकोल्यात जठारपेठेला आईच्या घरात एकटी राहते. आई गेली त्यालाही बरेच दिवस झाले. सांगायला आता हरकत नाही.

आमचं कॉलेज औषधनिर्माणशास्त्राचं. मुख्य इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे कडुनिंबांच्या आडोशाला एक बैठी इमारत होती. पाटीवर 'प्राणीगृह' लिहिलेलं, बोलण्यात सगळे ॲनिमल हाऊस म्हणायचे. तिथे पांढरे उंदीर असत, प्रयोगासाठीच जन्माला घातलेले. त्यांची तब्येत सांभाळणं, त्यांना गरजेपेक्षा जास्त त्रास होऊ न देणं आणि प्रयोग संपला की त्यांना शांतपणे मरण देणं, ही माझी नोकरी. ज्यानं सांभाळायचं त्यानंच शेवटही करायचा. सुरुवातीला ते फार चमत्कारिक वाटायचं. नंतर वाटेनासं झालं असं मी म्हणणार नाही. सवय झाली.

काम मुख्यतः लठ्ठपणा आणि मधुमेहावर चालायचं. वऱ्हाडात आता खेड्यातल्या घरातही देव्हाऱ्याशेजारी साखरेच्या गोळ्यांचा डबा दिसतो. औषध नवं असो की जुनं, झाडपाल्याचं असो की कारखान्यातलं, माणसाला देण्याआधी ते जनावरात तपासावं लागतं. त्यासाठी आधी आजारी जनावर लागतं. लठ्ठ उंदीर करणं सोपं. त्याच्या नेहमीच्या खाण्याचा भुगा करायचा, त्यात डालडा आणि पिठीसाखर कालवायची आणि लाडू वळायचे. उंदीर ते लाडू आवडीनं खातो, हिंडणं कमी करतो, काही आठवड्यांत गोल होतो आणि त्याच्या रक्तातली साखर हळूहळू चढू लागते. आपल्याकडे पोट सुटलेल्या माणसांचं होतं तेच. दुसरा प्रकार जास्त निर्दय. एका रसायनाची सुई दिली की उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. मग साखर एकदम चढते. तो उंदीर सारखं पाणी पितो, सारखं लघवी करतो, भरपूर खातो आणि तरी वाळत जातो.

लाडू वळायचं काम अन्सारभाईंचं. ते आमचे मदतनीस. पिंजरे धुणं, तुसाचं अंथरूण बदलणं सगळं तेच करायचे. पहिल्या खोलीतल्या उंदरांना ते 'मोटेवाले' म्हणत आणि दुसऱ्या खोलीतल्यांना 'शक्करवाले'. शक्करवाल्यांचं तूस सकाळी बदललं तरी दुपारी ओलं चिंब. "मॅडम, ये तो नल है," असं ते म्हणायचे.

या नोकरीत माणूस एकटा पडतो. त्यात कोणाचा दोष नाही, कामच तसं. अत्तर लावायचं नाही, गजरा माळायचा नाही, कारण उंदराचं नाक फार तिखट असतं. घरी मांजर पाळायचं नाही, कारण तिचा वास कपड्यांतून आत जातो. उंदरांच्या केसांची मला पुढे ॲलर्जी झाली. शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे, म्हणून तोंडावर कायम मास्क. जाळीच्या पिंजऱ्यांचा आणि ओल्या तुसाचा वास कितीही आंघोळ केली तरी अंगाला राहतो, निदान आपल्याला तसं वाटतं. त्यामुळे स्टाफरूममध्ये मी खिडकीशी बसायचे आणि लवकर उठायचे. उंदरांना दिवाळी नसते, रविवार नसतो. इतरांना घरदार होतं, म्हणून सणाची पाळी मीच घ्यायची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गावात फटाके वाजत असायचे आणि मी आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावत असायचे. माझं लग्न झालं नाही. त्याला कारण उंदीर नव्हते, पण उंदरांनी मदतही केली नाही.

एका मे महिन्याची गोष्ट सांगते, म्हणजे कामाची कल्पना येईल. कॉलेजला सुट्टी, अन्सारभाई पुतणीच्या लग्नाला गेलेले. अकरा वाजता वीज गेली. आमच्या भागातलं ऊन कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. कूलर बंद, जनरेटर सुरूच होईना. उंदराला घाम येत नाही. तो स्वतःची थुंकी अंगाला फासतो आणि पोटावर पसरून पडतो. सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर एकाच वेळी तसे पसरलेले दिसले. मी रिक्षा करून बर्फाच्या कारखान्यावर गेले, लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून रॅकच्या मधोमध ठेवल्या, खिडक्यांना ओली तरटं लावली आणि एका पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. मोटेवाले आधी गेले. चरबी जास्त असते ना, उष्णता बाहेर पडत नाही. वीज दुपार कलल्यावर आली. बरेच वाचले, काही गेले. संध्याकाळी प्राचार्यांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं तुम्ही होतात." खरंच बरं झालं. पण फोन ठेवल्यावर हे आणखी ज्याला सांगावं असा माणूस मला सुचला नाही. आई होती, पण तिला उंदरांचं नाव काढलेलं चालत नसे.

पुंजाजी आमच्याकडे आले ते माझ्या निवृत्तीला काही वर्षं उरली असताना.

ते दर्यापूरकडच्या एका खेड्यातले शेतकरी, कपाशी-तुरीचं रान बाळगून असलेले. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांच्या घरात वडिलांपासून साखरेच्या आजारावर चूर्ण देण्याची रीत होती. दर गुरुवारी अंगणात माणसं यायची, हे पुडी बांधून द्यायचे. पैसा घ्यायचे नाहीत. गावात त्यामुळे मोठा मान.

"तुमीच का उंदरायच्या डॉक्टरीन बाई?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मला हसू आलं. इतक्या वर्षांत कोणी मला माझ्या खऱ्या कामावरून हाक मारली नव्हती. "हो, मीच."

"मंग माह्यं औषध तुमच्या उंदरायले देऊन पाहा. लागू पडलं तर मले तसा कागद द्या."

"कागद कोणाला दाखवायचाय?"

"हाय एक जन अकोल्याचा. त्याले पटत नाही."

"यात काय काय घातलंय?"

"थे नाही सांगता येत. बापानं मले सांगतलं, मी पोराले सांगीन."

मी म्हटलं, मग उंदरालाही देता येणार नाही. काय देतो हे माहीत असल्याशिवाय आमची समिती परवानगी देत नाही, उंदीर असला म्हणून काय झालं. ते पिशवी उचलून निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले आणि पायरीवर बसून हळू आवाजात म्हणाले, "जांभयीच्या बिया, कारलं, गुळवेल अन् बेलाचे पानं."

"एवढंच?"

"एवढंच. तुमाले काय वाटलं, हिमालयातून आनतो का मी?"

आमच्या एका प्राध्यापकांना असल्या वनस्पतींमध्ये रस होता. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. त्यांनी चूर्ण ठेवून घेतलं, परवानगी मिळवली आणि प्रयोग लागला. पहिल्या खोलीत लठ्ठ करून साखर चढलेले उंदीर, दुसऱ्या खोलीत स्वादुपिंड निकामी झालेले. प्रत्येक खोलीतल्या निम्म्यांना चूर्णाचं पाणी, निम्म्यांना साधं पाणी. मी पुंजाजींना हे समजावून सांगितलं. बाहेरच्या माणसाला आत यायला मनाई होती, म्हणून सगळं बोलणं व्हरांड्यात.

"अन् हे लठ्ठ कसे करता तुमी?"

"डालडा आणि साखरेचे लाडू देऊन."

"हे तं लग्नातलं जेवन झालं," ते म्हणाले. "आमच्याकडे मानसं आपल्याच हातानं खातात अन् तसेच होतात. तुमाले उगा लाडू वयाची मेहनत."

बाजाराच्या निमित्तानं त्यांचं अमरावतीला येणं व्हायचं. आले की ते आमच्याकडे चक्कर टाकत. कधी तुरीच्या शेंगा आणायचे, कधी अंबाडीची पेंडी. मी चहा करायचे. आपलं औषध कसं चाललंय हे ते एकदाच विचारत, मग शेताचं, गावाचं बोलत. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, पिण्याचं गोडं पाणी नळाला येईल तेव्हा भरून ठेवावं लागतं. घरी बायको सुभद्राबाई, मुलगा पुण्याला नोकरीत. मी फारसं बोलायचे नाही. ऐकायला बरं वाटायचं. त्यांचा यायचा दिवस असला की मी दोन कप धुऊन ठेवायचे, हे अन्सारभाईंच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी ते व्हरांडा जरा जास्तच नीट झाडायचे.

प्रयोग अर्ध्यावर आला तेव्हा पहिल्या खोलीतले आकडे चांगले दिसू लागले. चूर्ण घेणाऱ्या मोटेवाल्यांची साखर थोडी उतरली होती, वजनही जरा कमी झालं होतं. फार नाही, पण दिसण्यासारखं. सर त्या दिवशी व्हरांड्यातच भेटले पुंजाजींना. उत्साहात म्हणाले, "पुंजाजी, तुमच्या औषधानं साखर उतरतेय बरं का." पुंजाजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. चहाही न घेता ते घाईनं निघाले. मला वाटलं, आनंद झाला असेल.

त्यानंतर बरेच दिवस ते आले नाहीत. मी दोनदा कप धुऊन ठेवले आणि दोनदा उचलून आत ठेवले.

ते आले तेव्हा सर नागपूरला गेले होते. पुंजाजी थकलेले दिसले. दाढी वाढलेली. पिशवीत काही नव्हतं. "कागद द्या आता," ते म्हणाले. "झाला असन ना हिशोब."

सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हटलं, "पहिल्या खोलीत फायदा दिसला. दुसऱ्या खोलीत काहीच नाही. चूर्ण घेणारे आणि न घेणारे, दोन्ही सारखेच वाळताहेत."

"असं कसं? औषध तं एकच हाय."

"औषध एक आहे, आजार दोन आहेत. पहिल्यांच्या अंगात इन्सुलिन आहे, पण ते नीट काम करत नाही. तुमचं औषध त्याला जराशी मदत करतं. दुसऱ्यांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. जे नाहीच, त्याला मदत कशी करणार?"

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या खोलीच्या व्हरांड्याकडच्या दाराला एक काच होती. मी त्यांना तिथे उभं केलं. समोरच्या पिंजऱ्यात एक उंदीर बाटलीच्या नळीला तोंड लावून पाणी पीत होता. थांबला, खाण्यातलं थोडं कुरतडलं, पुन्हा नळीला लागला. पाठीचे मणके दिसत होते. केस विस्कटलेले. सकाळीच बदललेलं तूस काळं पडलं होतं.

पुंजाजी बराच वेळ काचेला कपाळ टेकून बघत राहिले.

"हे खाते का चांगलं?"

"भरपूर खातो."

"अन् तरी वायते."

"हो."

ते मागे फिरले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "माह्या घरी असंच हाय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, घरात उंदीर झालेत असं म्हणताहेत.

"सुभद्रा," ते म्हणाले. "गोड्या पान्याचा अर्धा माठ एकटी संपवते. रोज दोन येळा सुई घे म्हने डॉक्टर. तिचा भाऊ अकोल्याचा, त्यानंच थे सुरू करून देल्लं. म्या म्हटलं, माह्या घरात औषध असून बायकोले सुई काहून? त्याच्याशी बोलनं बंद हाय माह्यं. अन् मंग तुमच्या सरानं सांगतलं, साखर उतरून राहिली. त्याच दिवशी घरी गेलो अन् सुया बंद केल्या."

महिनाभर झाला होता त्याला. मी विचारलं, "आता कशा आहेत?"

"पायात काटा रुतला होता, थो चिघयला. कालपासून ओकून राहिली. श्वास जोरजोरात घेते. तोंडाले पिकल्या फयावानी वास येते."

मी माणसांची डॉक्टर नाही. पण हे सगळं मी दुसऱ्या खोलीत वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं, आणि याच्या पुढे काय होतं तेही. "पुंजाजी, त्यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता. घरी कोण आहे?"

"शेजारीन हाय."

"गाडी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुण्याचा मुलगा येईपर्यंत उशीर झाला असता. जवळचा, गाडी असलेला, दवाखाने माहीत असलेला माणूस एकच होता, सुभद्राबाईंचा भाऊ, आणि त्याच्याशी यांचं बोलणं नव्हतं. पुंजाजींनी खिशातून मोबाइल काढला, नंबर शोधला आणि तसेच बसून राहिले. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मधुकररावाशी तुमी बोला. मले नाही जमत."

पलीकडून आवाज आला, "बोला." मी म्हटलं, "मधुकरराव, मी अमरावतीहून बोलते. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या बहिणीची सुई महिन्यापासून बंद आहे आणि त्यांची तब्येत फार बिघडलीय."

"तुमी डॉक्टर का?"

"हो," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "उंदरांची. पण जे सांगते ते खरं आहे. गाडी घेऊन निघा."

मग ते म्हणाले, "निघालो."

आम्ही गावी पोचेपर्यंत मधुकरराव बहिणीला घेऊन अकोल्याच्या वाटेला लागले असते. म्हणून आम्ही सरळ अकोल्याची एसटी धरली. अन्सारभाईंना पिंजऱ्यांचं सांगून मी तशीच निघाले, तुसाचा वास अंगावर घेऊन. पुंजाजी सगळ्या वाटेत एकदाच बोलले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "थे उंदरं असे किती दिस जगतात?"

"माणसाचं आणि उंदराचं सारखं नसतं," मी म्हटलं. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

दवाखान्यात सुभद्राबाईंना आत घेतलं होतं. बाहेर बाकावर मधुकरराव बसले होते. जठारपेठेत त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मला वाटलं आता भांडण होणार. मधुकरराव उठले, बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा भाऊजी. च्या सांगतो." पुंजाजी तेवढ्यानं रडायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

सुभद्राबाई वाचल्या. पायाचं एक बोट काढावं लागलं. शनिवारी मी अकोल्याला घरी आले तेव्हा त्यांना बघायला गेले. बारीक, सावळी, डोळ्यांत भरपूर चलाखी असलेली बाई. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

"तुमच्या उंदरायचंबी पान्याचं असंच असते म्हने," त्या म्हणाल्या.

"तसंच."

"मले समजत होतं मॅडम. पुडी घेऊन काही होत नव्हतं, मले पह्यल्या आठ दिसातच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चादरीची कड सारखी केली. "साऱ्या गावानं हात जोडले त्या मानसाले. मीच म्हनू का, तुमचं औषध कामाचं नाही म्हून? म्या म्हटलं, पाहू. अजून थोडं पाहू." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुमाले घरी कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग दिवसभराचं कोनापाशी बोलता?"

मी म्हटलं, चला, तुम्ही आराम करा. जिना उतरताना तो प्रश्न माझ्याबरोबर खाली आला.

पुंजाजी पुन्हा अमरावतीला आले तेव्हा प्रयोग संपत आला होता. गुरुवारी आलेल्या प्रत्येकाला ते आता सांगत होते, आधी डॉक्टरला दाखवा, सुई चालू असेल तर ती बंद करायची नाही, मग पुडी. माणसं कमी होत चालली होती. कोणी म्हणत, शहरातल्या लोकांनी म्हाताऱ्याला फोडलं. कोणी म्हणत, बायकोला बरं करता आलं नाही आणि निघाला होता गावाला बरं करायला. अंगणात आता दोनच चटया टाकतो, असं ते म्हणाले.

मग त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. "त्याईले सुई देऊन वाचवता येते ना? सुभद्रालेबी थेच देल्लं."

"येतं."

"मंग देत काहून नाही?"

या प्रश्नाला मी विद्यार्थ्यांसमोर ठरलेलं उत्तर द्यायचे. त्यांना मी नुसतं काय होतं ते सांगितलं. प्रयोग संपला की सगळ्यांना मरण द्यायचं, मग त्यांचं स्वादुपिंड आणि यकृत काढून बघायचं, औषधानं आत काय केलं ते तिथेच दिसतं. पहिल्या खोलीतलेही जाणार, दुसऱ्या खोलीतलेही.

"लागू नाही पडलं हे तं समजलं. आता आत पाहून काय कराल?"

"लागू पडलं नाही हेही नीट लिहून ठेवावं लागतं. नाही तर उद्या दुसरा कोणी तेच चूर्ण कोणाला तरी देतो आणि सुई बंद करतो."

"दोन्ही लिवा मंग," ते म्हणाले. "लागू पडलं थेबी अन् नाही पडलं थेबी. सराले सांगा, फक्त चांगलं लिवू नका म्हना." मग विचारलं, "कवा हाय थे?"

मी दिवस सांगितला. का विचारताहेत ते मला कळलं नाही.

त्या दिवसाची माझी एक पद्धत होती. अन्सारभाईंना मी सकाळची कामं आटोपली की घरी पाठवायचे. इतके महिने त्यांनी ज्यांना खाऊ घातलं त्यांचा शेवट बघायला त्यांनी तिथे थांबू नये, असं मला वाटायचं. ते जाताना दारात थांबून फक्त "ठीक है मॅडम" म्हणायचे. मग मी एकेकाला उचलायचे, तळहातावर धरायचे, धडधड जरा शांत झाली की भुलीचं औषध जास्त मात्रेत. त्याला कळत नाही. मला कळतं. नमुने बाटल्यांत भरायचे, त्यावर चिठ्ठ्या लावायच्या, टेबल धुवायचं. सगळं होईपर्यंत दुपार टळून जायची. नंतर मी आंघोळ करून खोलीवर जायचे आणि कोणाशी न बोलता पडून राहायचे.

त्या दिवशी सगळं आटोपून मी हात पुसत बाहेर आले, तर व्हरांड्यात पुंजाजी बसले होते. टोपी मांडीवर. शेजारी एक फडकं बांधलेलं.

"कधी आलात?"

"सकायीच. तुमी आत गेल्यावर."

"मग हाक का नाही मारली?"

"काम चालू होतं ना तुमचं."

ते एवढा वेळ नुसते बसून होते. आत येण्याचा प्रश्नच नव्हता, बघण्यासारखं काही नव्हतं. इतक्या वर्षांत त्या कामाच्या दिवशी दाराबाहेर कोणी बसलेलं असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सुभद्रानं भाकर बांधून देल्ली. म्हने, त्या बाई आज जेवनार नाहीत." त्यांनी फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. मी आंघोळ करून आले आणि आम्ही पायरीवर बसून जेवलो. आतल्या खोल्या रिकाम्या होत्या. पिंजऱ्यांच्या झाकणांची खडखड नाही, कुरतडणं नाही. तिथली इतकी शांतता मी पूर्वीही अनुभवली होती, फक्त तेव्हा एकटीनं.

"आता ह्या खोल्याईत कोन?" ते म्हणाले.

"धुऊन ठेवायच्या. सोमवारी नवे येतात."

त्यांनी मान हलवली. उरलेली भाकरी त्यांनी पुन्हा फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि शेवटची जीप चुकेल म्हणून गेले.

सरांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. एका साध्याशा नियतकालिकात ते छापून आलं, औषध देणारे म्हणून पुंजाजींचे आभार मानलेले होते. पहिल्या खोलीतल्या फायद्याचा उल्लेख इतरांनी पुढे केला म्हणतात, दुसऱ्या खोलीचा फारसा कोणी केला नाही. मी निवृत्त झाले आणि काही दिवसांनी ते प्राणीगृहही बंद झालं. आता बरंचसं काम काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि संगणकावर होतं असं ऐकते. झालं तर चांगलंच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. मात्र ज्यांना मी हातात धरलं त्यांच्याबद्दल काय वाटतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

सकाळी मी उठते, चहा करते. मग फोन वाजतो. बहुतेक दिवशी तो एकच असतो.

"मॅडम, घेतली सुई," सुभद्राबाई म्हणतात. मी जनावरांची डॉक्टर आहे, मला कळवायची गरज नाही, हे मी त्यांना पूर्वी सांगून पाहिलं. त्या साखरेचा आकडा सांगतात, पाय बरा आहे म्हणतात, नवरा रानात गेला म्हणतात. मी "बरं, छान" म्हणते. मग त्या विचारतात, "अन् तुमी काय रांधलं आज?"

मी काहीतरी सांगते. वरण-भात, पालक, कधी मुगाची उसळ. कधी कधी ते खरंही असतं.